उडत्या डोळ्यांचा हिशेब

27 मे 2018 ची रात्र. हवाईच्या मोठ्या बेटावर किलाउआ ज्वालामुखीचा उद्रेक सुरू होऊन तीन आठवडे उलटले होते. लेइलानी इस्टेट्स या वस्तीत रस्त्यांना आणि परसांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांमधून लाव्हा उसळत होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे पथक ड्रोन उडवून लाव्ह्याची वाट टिपत होते, आणि ते चित्र थेट आपत्ती नियंत्रण कक्षात दिसत होते. तेवढ्यात लाव्ह्याचा नवा लोंढा फुटला. एका घरात एक माणूस अडकल्याचे कळले. अंधारात, झाडीतून बाहेर पडायची वाट त्याला सापडेना. पथकाने ड्रोन त्याच्यापर्यंत नेले आणि त्याला ड्रोनच्या मागोमाग चालायला सांगितले. तसाच चालत तो बचाव पथकापर्यंत सुखरूप पोहोचला.

भूगर्भ सर्वेक्षण हे अमेरिकेच्या ज्या अंतर्गत विभागाखाली येते, तो विभाग म्हणजे आपल्याकडचे गृह खाते नव्हे. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, धरणे आणि देशाच्या एकूण जमिनीपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो सांभाळतो. त्या रात्रीनंतर वीसच महिन्यांनी, 29 जानेवारी 2020 रोजी, या विभागाचे मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी आदेश काढून विभागाचा जवळजवळ 800 ड्रोनचा ताफा जमिनीवर बसवला. कारण एकच होते. ताफ्यातली बहुतेक ड्रोन चीनमध्ये बनली होती, आणि उरलेल्यांतही चिनी सुटे भाग होते.

परक्या देशाने आपल्याच विकत घेतलेल्या यंत्रातून आपल्यावर पाळत ठेवू नये, ही मागणी रास्त आहे. ती कायद्यात कशी उतरली, आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. ही हकीगत अमेरिकेची असली तरी तिच्यातला प्रश्न आज आपल्याही दारात उभा आहे.

बाजार आधी गेला, भीती नंतर आली

2006 साली वांग ताओ या तरुणाने चीनमधल्या शेन्झेन शहरात डीजेआय ही कंपनी काढली. जानेवारी 2013 मध्ये तिने फँटम नावाचे पांढरे, चार पंखांचे ड्रोन बाजारात आणले. तोपर्यंत ड्रोन म्हणजे हौशी लोकांनी घरी सुटे भाग जोडून, तारा डकवून तयार करायची वस्तू होती. फँटम खोक्यातून काढून थोड्या तयारीत उडवता येत होते.

अमेरिकी कंपन्यांनी झुंज दिली नाही असे नाही. क्रिस अँडरसन आणि जॉर्डी मुन्योज यांनी 2009 मध्ये थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी काढली होती. एप्रिल 2015 मध्ये तिने सोलो हे ड्रोन आणले, पण किमतीच्या स्पर्धेत ते टिकले नाही आणि पुढच्याच वर्षी कंपनी या धंद्यातून बाहेर पडली. कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोप्रोने 2016 मध्ये कर्मा नावाचे ड्रोन विकायला काढले. उडता उडता वीजपुरवठा तुटून ती पडू लागली, तेव्हा काही आठवड्यांतच सगळी परत मागवावी लागली. 2018 च्या सुरुवातीला गोप्रोनेही माघार घेतली.

शेन्झेनचे बळ नुसत्या स्वस्त मजुरीत नव्हते. मोटर, बॅटरी, कॅमेरा, सर्किट, जे हवे ते त्याच शहराच्या परिसरात मिळत होते. आज सुचलेली सुधारणा थोड्याच दिवसांत नमुना होऊन समोर येत होती. डीजेआयचे मॅविक प्रो 2016 मध्ये 999 डॉलरना विकले जात होते. ज्या पोलीस ठाण्याला हेलिकॉप्टर स्वप्नातही परवडले नसते, त्याला वरून पाहणारा डोळा हजार डॉलरच्या आत मिळाला. अग्निशमन दले, वन खाती, विद्यापीठे, शेतकरी, सगळ्यांनी तो घेतला.

त्याचा उपयोग किती खरा होता, हे नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियात दिसले. कॅम्प फायर नावाच्या वणव्याने पॅराडाइज हे गाव जवळजवळ पुसून टाकले. 85 माणसे मेली. नंतर वेगवेगळ्या पोलीस आणि अग्निशमन दलांनी एकत्र येऊन दोन दिवसांत ड्रोनची पाचशेच्या वर उड्डाणे केली आणि जळालेल्या भागाचा घरागणिक नकाशा तयार केला. निवारा छावणीत बसलेल्या कुटुंबाला आपले घर उभे आहे की राख झाले आहे, हे त्या नकाशावर पाहता आले.

म्हणजे सुरक्षेची भीती जागी झाली, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी कामात चिनी ड्रोन मुरलेले होते आणि त्याची जागा घेणारा देशी कारखानदार मैदान सोडून गेला होता. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे.

शंका कशाची होती?

26 जानेवारी 2015 च्या पहाटे एक फँटम थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन कोसळले. उडवणारा माणूस कामाच्या वेळेबाहेर हौस म्हणून ते उडवत होता. तो स्वतः नकाशांचे काम करणाऱ्या एका सरकारी गुप्तचर संस्थेत नोकरीला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण विमाने आणि क्षेपणास्त्रे हेरण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला एवढी लहान वस्तू दिसत नाही, हे सगळ्या जगाला कळले.

खरी कलाटणी 2017 मध्ये मिळाली. जूनमध्ये चीनचा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा लागू झाला. देशातल्या संस्थांनी आणि नागरिकांनी सरकारी गुप्तचर कामाला साहाय्य आणि सहकार्य करावे, असे त्याचे सातवे कलम सांगते. ऑगस्टमध्ये अमेरिकी लष्कराने अंतर्गत आदेश काढला: डीजेआयचा सगळा वापर थांबवा, ॲप काढून टाका, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे बाहेर काढा, यंत्रे कुलुपात ठेवा. त्याच महिन्यात अंतर्देशीय सुरक्षा खात्याच्या लॉस एंजेलिसमधल्या कार्यालयाने एका टिपणात लिहिले की ही कंपनी महत्त्वाच्या पायाभूत सोयींची माहिती चिनी सरकारला पुरवत असावी. कंपनीने हा आरोप साफ नाकारला.

ड्रोन नुसते फोटो काढत नाही. ते कुठून उडाले, कोणत्या उंचीवर, कोणत्या वाटेने गेले, किती वाजता परतले, कोणाच्या फोनवरून चालवले गेले, याची सगळी नोंद ठेवते. एका उड्डाणाची नोंद क्षुल्लक असते. पण देशभरातल्या धरणांच्या भिंती, विजेचे मनोरे, पाण्याच्या टाक्या आणि पूल यांची तपासणी एकाच कंपनीच्या यंत्रांनी होत असेल, तर त्या सगळ्या नोंदींची बेरीज म्हणजे देशाच्या शिरा-धमन्यांचा नकाशा होतो.

मग पुरावा होता का? माहिती कुठे जाऊ द्यायची हे वापरणारा ठरवू शकतो, असा निष्कर्ष 2018 मधल्या एका तपासणीत निघाला. पण 2020 च्या जुलैमध्ये फ्रेंच आणि अमेरिकी संशोधकांनी दाखवले की कंपनीचे अँड्रॉइडवरचे ॲप गूगलच्या दुकानाला वळसा घालून स्वतःला अद्ययावत करू शकते. म्हणजे आज तपासलेले ॲप उद्या तेच असेल याची खात्री नव्हती. चोरी पकडली गेली नव्हती, मात्र किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. अमेरिकी कायदेमंडळाने या किल्लीकडे बोट दाखवूनच पुढची सगळी पावले टाकली. राष्ट्राच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्याला चोरी होण्याची वाट पाहत बसता येत नाही, हे मान्य करावेच लागेल.

वणव्याच्या तोंडावर

डिसेंबर 2019 मध्ये वार्षिक संरक्षण कायद्याच्या 848 व्या कलमाने संरक्षण खात्याला चिनी ड्रोन आणि चिनी महत्त्वाचे सुटे भाग असलेली ड्रोन घेण्यास मनाई केली. लष्कराकडे पैसा होता, पर्याय शोधायला यंत्रणा होती. पुढच्याच महिन्यात अंतर्गत विभागाचा आदेश आला, आणि तिथे खरी ओढाताण सुरू झाली.

आदेशात वणवा विझवणे, शोध आणि बचाव, नैसर्गिक आपत्ती यांना सूट होती. पण वणवा लागल्यावर करायच्या कामाइतकेच वणवा लागू नये म्हणून करायचे काम मोठे असते. पश्चिम अमेरिकेत थंड, दमट दिवस बघून जंगलातला पालापाचोळा मुद्दाम, आखून जाळतात, म्हणजे उन्हाळ्यात आगीला खायला काही उरत नाही. त्यासाठी पिंगपाँगच्या चेंडूएवढे प्लास्टिकचे गोळे वापरतात. गोळ्यात पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड असते, तीच जी आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत टाकतात. टाकण्याच्या क्षणी त्यात सुईने ग्लायकोल टोचतात, म्हणजे मोटारीच्या कूलंटमध्ये असतो तो द्रव. गोळा खाली पडतो आणि अर्ध्या-एक मिनिटात पेट घेतो. पूर्वी हे काम कमी उंचीवर, हळू उडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून करायचे, आणि ते फार धोक्याचे होते. या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अमेरिकेत वणव्यांशी झुंजताना मेलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा हवाई अपघातांत गेला. हेच गोळे ड्रोनमधून टाकले तर वर माणूस नसतो.

आदेशानंतर अशी नवी ड्रोन घेणे थांबले. 2020 च्या सुरुवातीच्या एका अंतर्गत टिपणाचा हवाला देऊन वृत्तपत्रांनी छापले की वर्षअखेरीस विभागाची ड्रोनने आग लावण्याची क्षमता जितकी असायला हवी होती, तिच्या सुमारे 28 टक्केच असेल. खरेदी नाकारली की जोखीम हेलिकॉप्टरमधल्या माणसांवर येते, असेही त्या टिपणात बजावले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात चाळीस लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. दुष्काळ, उष्णतेच्या लाटा आणि दशकानुदशके साठलेला पाचोळा ही त्याची मोठी कारणे होती. ड्रोन जागेवर बसल्यामुळे ते जळाले असे म्हणणे चूक ठरेल. पण ज्या वर्षी प्रत्येक हात हवा होता, त्या वर्षी एक हात बांधलेला होता, एवढे नक्की.

ऑगस्ट 2020 मध्ये संरक्षण खात्याने पाच कंपन्यांच्या विश्वासार्ह ड्रोनची यादी जाहीर केली. ही यादी लष्कराच्या गरजेतून तयार झाली होती. शिपायाला टेकडीपलीकडे बघायला ती ड्रोन उत्तम होती, पण पक्षी मोजणाऱ्या किंवा लाव्ह्याचा वायू तपासणाऱ्या शास्त्रज्ञाच्या फारशी कामाची नव्हती. ती आधीच्या ड्रोनपेक्षा आठ ते चौदा पट महाग आहेत, अशी तक्रार अंतर्गत विभागाच्याच टिपणात नोंदवली गेल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. पद सोडण्याआधी दोन दिवस, 18 जानेवारी 2021 रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सगळ्या खात्यांना अशा ड्रोनची मोजदाद करायला सांगणारा आदेश काढला. जुनी ड्रोन बदलण्यासाठी पैसा कुठून आणता येईल ते पुढच्या अंदाजपत्रकांच्या वेळी शोधा, असेही त्यात म्हटले होते. पैशाचा प्रश्न कागदावर आला खरा, पण पैसा आला नाही.

खर्चाचा रकाना

सप्टेंबर 2019 मध्ये फ्लोरिडाचे रिपब्लिकन सिनेटर रिक स्कॉट आणि कनेक्टिकटचे डेमोक्रॅट सिनेटर क्रिस मर्फी यांनी इतर सहकाऱ्यांसह अमेरिकी सुरक्षा ड्रोन विधेयक मांडले. चिनी ड्रोनची मनाई सगळ्या केंद्रीय खात्यांना लावावी, आणि केंद्राच्या अनुदानातूनही अशी ड्रोन घेता येऊ नयेत, हा त्याचा गाभा. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या प्रश्नावर एकत्र होते. तरीही विधेयक रेंगाळले. 2021 मध्ये ते पुन्हा मांडावे लागले.

अमेरिकेत समितीने संमत केलेल्या जवळजवळ प्रत्येक विधेयकाला किमतीची चिठ्ठी लागते. ती लावते काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाचे, अंदाजपत्रक कार्यालय. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अडवून धरला, त्या भांडणातून 1974 साली या कार्यालयाचा जन्म झाला. सरकारच्या आकड्यांवर विसंबायला नको, आपला हिशेब आपल्याकडे असावा, हा त्यामागचा विचार. पक्ष न पाहता हे कार्यालय सांगते की विधेयक कायदा झाले तर केंद्राच्या तिजोरीवर किती भार पडेल. 1995 च्या आणखी एका कायद्याने त्याला सांगितले की राज्यांवर, स्थानिक संस्थांवर आणि खासगी कंपन्यांवर विनानिधी सक्ती लादली जात असेल तर तीही दाखवा.

पण त्या 1995 च्या कायद्यात एक बारीक अट आहे. केंद्रीय मदतीसोबत येणारी शर्त ही 'सक्ती' धरली जात नाही, कारण मदत घेणे ऐच्छिक आहे. आता एखाद्या लहान परगण्याच्या शेरीफची कल्पना करा. त्याने सुरक्षा अनुदानातून दोन ड्रोन घेतली आहेत. कायदा म्हणतो, यापुढे केंद्राच्या पैशातून ती घेऊ नका, चालवूही नका. शेरीफपुढे दोनच वाटा राहतात: महाग ड्रोन स्थानिक करातून घ्यायची, नाहीतर हरवलेले मूल शोधायला पुन्हा माणसांची रांग शेतात उतरवायची. यातला एकही डॉलर सक्तीच्या रकान्यात दिसत नाही. हिशेब प्रामाणिक असतो, नियमाला धरून असतो, आणि तरीही खर्चाचा मोठा भाग त्याच्या बाहेर राहतो.

शेजारीच दुसऱ्या एका बंदीचे उदाहरण होते. दूरसंचारातली हुवावे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांची यंत्रे उपटून नवी बसवण्याचा कायदा मार्च 2020 मध्ये झाला. लहान ग्रामीण दूरध्वनी कंपन्यांना भरपाई द्यायची म्हणून काँग्रेसने 190 कोटी डॉलर ठेवले. प्रत्यक्ष गरज सुमारे 498 कोटींची निघाली. कंपन्यांच्या हाती खर्चाच्या चाळीसेक टक्केच रक्कम येत होती, आणि काही वर्षे काम अर्धवट लोंबकळत राहिले. निदान तिथे भरपाईचे तत्त्व तरी मान्य झाले होते. ड्रोन बदलण्यासाठी केंद्राने असा निधी ठेवलाच नाही.

फ्लोरिडाने आधी अनुभवले

केंद्रात विधेयक अडकले असताना फ्लोरिडा राज्याने पुढाकार घेतला. 2021 मध्ये गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी सही केलेल्या कायद्याने राज्याच्या खात्याला मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी करायला सांगितले. यादीत डीजेआय नव्हती. यादीबाहेरची ड्रोन 1 जानेवारी 2023 पर्यंत बंद करायची होती.

मुदत जवळ आली तसे पोलीस, अग्निशमन दले आणि विद्यापीठे हवालदिल झाली. 2023 मध्ये राज्याच्या सिनेटपुढे झालेल्या सुनावणीत ऑर्लँडो पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की पाच वर्षांत त्यांची चिनी ड्रोन एकदाही दगा देऊन पडली नव्हती. मान्यताप्राप्त यादीतल्या ड्रोननी मात्र दीड वर्षात पाच वेळा दगा दिला. हा अधिकारी चीनची बाजू मांडायला आला नव्हता. इमारतीत दडून बसलेल्या सशस्त्र माणसापुढे आपली माणसे पाठवण्याआधी आत काय आहे ते त्याला पाहायचे होते.

राज्यभरात निकामी ठरणाऱ्या ड्रोनची किंमत सुमारे 20 कोटी डॉलर असल्याचे अंदाज तेव्हा छापून आले. ती बदलण्यासाठी विधिमंडळाने अखेर अडीच कोटी डॉलरचा निधी ठेवला. बाकीचा भार शहरांनी आणि परगण्यांनी आपल्या अंदाजपत्रकातून उचलायचा होता. ज्यांची ऐपत होती त्यांनी उचलला. ज्यांची नव्हती, त्यांची ड्रोन कपाटात गेली.

कायदा झाला, आणि चीननेही उत्तर दिले

22 डिसेंबर 2023 रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी वार्षिक संरक्षण कायद्यावर सही केली आणि त्याच्या पोटात अमेरिकी सुरक्षा ड्रोन कायदाही मंजूर झाला. केंद्रीय खात्यांना नवी खरेदी बंद. जुनी ड्रोन चालवायला आणि अनुदानाच्या पैशाला दोन वर्षांची मुदत. पाच वर्षांनी कायदा आपोआप संपणार. संरक्षण, अंतर्देशीय सुरक्षा, न्याय अशा खात्यांना ठरावीक कामांसाठी सूट होती.

या तरतुदींत आधीच्या चुकांचे शहाणपण दिसते. वणव्यांचे 'सर्व प्रकारचे' व्यवस्थापन आणि शोध-बचाव यांना सूट मिळू शकेल, असे कायद्यात लिहिले गेले. फक्त पेटलेला वणवा विझवणे नव्हे, तर आधीपासूनची सगळी तयारी त्यात आली. 2020 मध्ये बांधलेला हात इथे मोकळा झाला. दोन वर्षांची मुदतही अंदाजपत्रकाला सोयीची होती. लहान ड्रोनचे आयुष्य मुळातच काही वर्षांचे. जुने झिजून जाताना नवे घेतले, तर बदलाचा खर्च नेहमीच्या खर्चात मिसळून जातो.

एव्हाना चीननेही आपली पाने टाकायला घेतली होती. सप्टेंबर 2023 पासून त्याने काही ड्रोन आणि त्यांच्या भागांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. ऑक्टोबर 2024 मध्ये, तैवानला ड्रोन पुरवल्यावरून, अमेरिकेची सर्वांत नावाजलेली ड्रोन कंपनी स्कायडिओ हिच्यावर चीनने निर्बंध लादले. कंपनीच्या बॅटऱ्या चीनमधूनच येत होत्या. तिला ग्राहकांना कळवावे लागले की काही महिने प्रत्येक ड्रोनसोबत एकच बॅटरी मिळेल. ज्यांनी चिनी ड्रोन टाकून देशी घेतले, त्या अग्निशमन दलांना तेव्हा उमगले की शरीर देशी असले तरी प्राण अजून परक्याच्या हाती आहे.

डिसेंबर 2024 च्या संरक्षण कायद्याने डीजेआय आणि ऑटेल या चिनी कंपन्यांसाठी वर्षाची घंटा लावली. त्या काळात एखाद्या सुरक्षा संस्थेने त्यांना निर्दोष ठरवले नाही, तर त्या आपोआप दूरसंचार आयोगाच्या धोक्याच्या यादीत जाणार होत्या. याच कायद्याने दूरध्वनी कंपन्यांची 308 कोटी डॉलरची तूटही भरून काढली. एकाच दस्तऐवजात एका बंदीची थकबाकी चुकती झाली आणि दुसऱ्या बंदीची खातेवही उघडली. वर्षभरात तपासणी झालीच नाही. 22 डिसेंबर 2025 रोजी आयोगाने परदेशात बनणारी सगळी ड्रोन आणि त्यांचे महत्त्वाचे भाग यादीत टाकले. आधी मान्यता मिळालेली यंत्रे चालू राहिली, नव्या परदेशी मॉडेलांना मात्र दार बंद झाले. त्याआधी, 2025 च्या जुलैमध्ये, लहान ड्रोनचा देशी उद्योग वाढवण्यासाठी काँग्रेसने 140 कोटी डॉलर मंजूर केले होते. लष्कराच्या पहिल्या आदेशाला तोवर आठ वर्षे होत आली होती. आधी बी पेरून मग जुने झाड तोडायचे, तर इथे झाड तोडून झाल्यावर बियाणे आणायला माणूस धाडला गेला.

आपल्या दारात

भारत हीच वाट वेगळ्या पावलांनी चालला. 2021 च्या ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले, सप्टेंबरमध्ये उत्पादकांसाठी 120 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली, आणि त्यानंतर, फेब्रुवारी 2022 मध्ये, तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सूट होती आणि सुट्या भागांची आयात खुली राहिली. आधी बी पेरण्याचा क्रम इथे बराचसा पाळला गेला. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2007 मध्ये सुरू केलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज कंपनी तोवर उभी राहिली होती, आणि जानेवारी 2021 मध्ये तिला लष्कराकडून सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी मिळाली होती.

पण सुट्या भागांचे दार उघडे होते, आणि त्यातून तीच शंका आत आली. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्कराने सामान वाहून नेणाऱ्या 400 ड्रोनचे सुमारे 230 कोटी रुपयांचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या. त्या ड्रोनमध्ये चिनी भाग सापडले होते. चीनलगतच्या सीमेवर जवानांना रसद पोहोचवायची ती ड्रोन होती.

ड्रोन आता आपल्याकडेही फक्त लष्कराचे राहिलेले नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली आणि तो प्रयोग पुढे देशभरच्या स्वामित्व योजनेला उपयोगी पडला. ज्या घराचा कागद कधी नव्हता, त्या घराला नकाशा आणि मालमत्ता पत्रक मिळू लागले. पिकांवर फवारणी, पुराची पाहणी, बंदोबस्त, सगळीकडे हे यंत्र शिरले आहे. उद्या त्यातला एखादा भाग संशयास्पद ठरला, तर तो बदलायचा खर्च ग्रामपंचायत करेल, बचत गट करेल, की राज्य?

आपल्या संसदेत आणि विधिमंडळात तिजोरीवर भार टाकणाऱ्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. आयातबंदी मात्र अधिसूचनेने येते, आणि अधिसूचनेला असे ज्ञापन लागत नाही. अमेरिकेत निदान एक कार्यालय किमतीची चिठ्ठी लावते, तिच्यातले रिकामे रकाने निदान दाखवता तरी येतात. आपल्याकडे चिठ्ठीच नसेल तर रकाना रिकामा आहे हे कळणार कसे?

परक्या डोळ्यांपासून देश झाकायला हवा, आणि त्यासाठी पैसे मोजायला हवेत. माझे मागणे इतकेच की ते पैसे निर्णयासोबतच मोजले जावेत, त्याच कागदावर. नाहीतर ती किंमत पुढे कुणीतरी अंधारात मोजते. लेइलानी इस्टेट्समध्ये त्या रात्री ड्रोन हजर होते, म्हणून एका माणसाला वाट सापडली. अशा वेळी ते हजर राहील याची तरतूद करणे, हाही देशाच्या संरक्षणाचाच भाग आहे.